विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो: नवीन लोकांसाठी पहिल्यापासून

मिरवणुकीचे फोटो सगळेच काढतात. पुण्याच्या बेलबाग चौकात दुकानाच्या पायऱ्यांवर, गॅलरीत, बॅरिकेडवर लोंबकळून, जिथे पाय टेकेल तिथून मोबाईल वर धरलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या स्टेटसला साधारण एकच फोटो असतो, ढोलवाला हवेत, गुलाल हवेत, मागे रथ. वाईट नाहीये तो, पण तो लाखभर लोकांनी काढून झालाय. मिरवणूक पुढे सरकली की मागे रस्त्यावर जे उरतं त्याकडे फारसं कोणी कॅमेरा वळवत नाही, कारण तोवर पाय गेलेले असतात, कान गेलेले असतात आणि घरी जाऊन आडवं व्हायचं असतं. हा लेख त्या वेळेबद्दल आहे. पुण्याचंच लिहितोय कारण तेच नीट माहितीये, मुंबईवाल्यांसाठी मधे थोडं गिरगावचं टाकलंय.

आता ब्लॅक अँड व्हाइटच का, तर "आर्टी दिसतं" हे कारण असेल तर राहू द्या, कलरमधेच काढा. खरं कारण गुलाल आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर सगळीकडे गुलाबी असतं, फुटपाथवर, दुकानांच्या शटरवर, माणसांच्या कानामागे, आणि त्यात भर म्हणून निळी ताडपत्री, भगवे झेंडे, नेत्यांचे फ्लेक्स, सफाईवाल्यांची चमकणारी जॅकिटं. कलर फोटोत डोळा आधी त्या गुलाबीकडे जातो, मग फ्लेक्सकडे, आणि माणसाच्या तोंडावरचा थकवा बघायला कोणी उरतच नाही. रंग काढला की गर्दी कमी होते. शिवाय गुलाल राखाडीच्या कुठल्या शेडमधे दिसणार, पिठासारखा पांढरा की काजळीसारखा काळा, हे तुमच्या हातात येतं. या सगळ्या प्रकारातली खरी कला हीच आहे असं माझं मत आहे, त्यामुळे एडिटिंगच्या भागात त्याबद्दल जरा जास्तच लिहिलंय, कंटाळा आला तरी तो भाग सोडू नका.

पायरी १: वेळ ठरवा

२०२६ ला अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला आहे, शुक्रवारी. म्हणजे आपली मेन सकाळ शनिवारची, सुट्टी टाकायची भानगड बहुतेकांना नाही.

पुण्यात एक गोष्ट लक्षात घ्या, इथे "मिरवणूक संपली" असा एक क्षण नसतो. सकाळी मंडईत टिळक पुतळ्यापासून मानाच्या गणपतींची मिरवणूक निघते, कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा या क्रमाने, आणि मग बाकीची मंडळं लक्ष्मी रोड, टिळक रोड, कुमठेकर रोड, केळकर रोड अशा चार बाजूंनी अलका चौकाकडे येत राहतात, येतच राहतात. हल्ली २८ तासांच्या पुढे सहज जातं प्रकरण. त्यामुळे एका रस्त्यावर झाडू फिरत असतो आणि शेजारच्या रस्त्यावर अजून ढोल चालू असतो. आपल्यासाठी हे उलट बरंच आहे, एकाच सकाळी चालत चालत "चालू", "संपतंय" आणि "संपलं" अशा तीनही अवस्था मिळतात.

वेळेचे माझे तीन तुकडे आहेत.

पहिला रात्री १२ ते सकाळी ६. बारा वाजता स्पीकर बंद होतात आणि सहाला परत चालू, मधल्या सहा तासांत रांगेत अडकलेली मंडळं जागच्या जागी बसलेली असतात. ही वेळ म्हणजे सोनं आहे आणि नव्वद टक्के फोटोग्राफर यावेळी घरी असतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गणपतीच्या पायाशी मांडी घालून झोपलेली पोरं, आडव्या टाकलेल्या ढोलाला टेकून बसलेल्या पथकातल्या मुली, जनरेटरची घरघर, आणि वर रथाचे दिवे फुल्ल चालू. आवाज गेलाय पण लाईट तसाच आहे, अशी वेळ वर्षात परत येत नाही.

दुसरा तुकडा उजाडल्यापासून साधारण दहापर्यंत. सप्टेंबरच्या शेवटी पुण्यात सूर्य सव्वासहा ते साडेसहाच्या मधे उगवतो, पण पेठांमधल्या बिल्डिंगांमुळे रस्त्यावर ऊन पोचायला अजून अर्धा-पाऊण तास लागतो. लक्ष्मी रोड साधारण पूर्व-पश्चिम आहे म्हणून ऊन आलं की लांबून तिरपं येतं आणि आधी चौकांमधे पडतं, जिथे आडवा रस्ता फुटतो तिथे. चौकात ऊन आणि मधल्या पट्ट्यात सावली असं काहीतरी मिळतं, ते पकडायचं.

तिसरा तुकडा त्यानंतरचे दोन-चार दिवस, मांडव उतरवायचे. याला गर्दी नाही, घाई नाही. नवीन असाल आणि गर्दीत कॅमेरा काढायला लाज वाटत असेल तर इथूनच सुरुवात करा.

जायचं कसं, तर गाडी घेऊन जाऊच नका, मधले रस्ते बंद असतात आणि पार्किंग शोधण्यात सकाळ जाते. २०२५ ला मेट्रो विसर्जनाची पूर्ण रात्र चालू होती, मंडई नाहीतर डेक्कनला उतरून चालत फिरता येतं, जायच्या आधी त्या वर्षीचं टाइमटेबल फक्त बघून घ्या. जुने बूट घाला. चप्पल अजिबात नको, का ते पुढे कळेलच.

पायरी २: काय न्यायचं

जे आहे ते. मोबाईल असेल तर मोबाईल. कॅमेरा असेल तर एक बॉडी, एक लेन्स, २८ किंवा ३५ एमएमच्या आसपासची, आणि ती लेन्स घरीच लावून निघा कारण बाहेर लेन्स बदलायची नाही. हे मी आग्रहाने सांगतोय. गुलाल मैद्यापेक्षा बारीक असतो, झाडू सुरू झाला की परत हवेत उडतो आणि सेन्सरवर बसला की सर्व्हिस सेंटरची वारी ठरलेली. कॅमेऱ्याला साधी प्लास्टिकची पिशवी, पुढे लेन्सपुरतं भोक, रबरबँड, झालं कव्हर. सप्टेंबर आहे, एखादी सर येतेच, तेव्हाही हीच पिशवी कामाला येते.

गुलाल बसलाच तर ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका, रंग सुटतो आणि बटणांच्या फटीत जाऊन बसतो. आधी ब्लोअरने उडवा, मग मऊ ब्रश, मग कोरडं मायक्रोफायबर. मोबाईलची लेन्स दर पंधरा-वीस मिनिटांनी पुसत राहा, नाहीतर सगळे फोटो धुरकट येतात आणि माणूस म्हणतो काय मस्त धुकं होतं. तोंडाला मास्क किंवा रुमाल. पाण्याची बाटली. एक जादा बॅटरी, रात्री जाणार असाल तर दोन.

टेलीलेन्स (लांबचं जवळ आणणारी) नेऊ नका असं नाही म्हणत, पण लांबून झोपलेल्या माणसाचा फोटो काढणं आणि जवळ जाऊन काढणं यात फरक आहे, आणि तो फोटोत दिसतो.

पायरी ३: सेटिंग एकदाच करा आणि विसरा

कॅमेरा रॉ वर (सेन्सरचा कच्चा डेटा ठेवणारी फाईल) टाका आणि पिक्चर स्टाईल मोनोक्रोम करा. होतं काय की स्क्रीनवर किंवा व्ह्यूफाइंडरमधे तुम्हाला ब्लॅक अँड व्हाइट दिसतं, त्यामुळे डोळा आपोआप उजेड आणि आकार शोधायला लागतो, पण रॉ फाईलमधे सगळे रंग जसेच्या तसे राहतात. फक्त जेपेग मोनोक्रोममधे काढलंत तर रंग कायमचे गेले, मग गुलाल काळा करायचा की पांढरा हा चॉइस तुमच्याकडे राहत नाही. मोबाईलवाल्यांनी याच कारणासाठी सरळ कलरमधे काढा, नंतर बदला. फुजी कॅमेरावाले त्यातला ब्लॅक अँड व्हाइट मोड अ‍ॅक्रॉस लावून त्यातला हिरवा फिल्टरवाला ऑप्शन घेऊन बघा, गुलाल स्क्रीनवरच गडद दिसायला लागतो.

दिवसा: अ‍ॅपर्चर एफ ८ (लेन्सचं भोक, आकडा मोठा तितकं भोक लहान), शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू नको, आयएसओ (उजेड किती पकडायचा ते) ऑटो आणि वरची मर्यादा ६४००. झाडूतून उडणारी धूळ गोठवायची असेल तर १/५०० किंवा १/१०००. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम गडद-उजळ करायचं सेटिंग) -०.७ च्या आसपास ठेवा कारण पथकांचे पांढरे कुर्ते असतात आणि ते एकदा जळाले, म्हणजे नुसते पांढरे झाले, की परत येत नाहीत, काळं मात्र बऱ्यापैकी उचलता येतं.

फोकस मॅन्युअल ठेवून बघा, भीती वाटते तेवढं अवघड नाहीये. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) ३५ एमएम, एफ ८, फोकस ३ मीटरवर, असं केलंत की साधारण दोन मीटरपासून सात मीटरपर्यंत सगळं शार्प. एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २३ एमएम लेन्सला तेच केलं तर दीडेक मीटरपासून पार लांबपर्यंत. म्हणजे माणूस तीन-चार पावलांवर आला की फक्त बटण दाबायचं, कॅमेऱ्याने फोकस शोधत बसायचं काम नाही.

रात्री एफ २ किंवा जे काय तुमच्या लेन्सचं मोठ्यात मोठं असेल ते, शटर १/६०, बसलेल्या आणि झोपलेल्या लोकांना पुरतं. ग्रेन (दाणेदारपणा) येईल, येऊ द्या. एक सावधगिरी आहे, रथावर लाल एलईडी असेल तर साध्या हिस्टोग्रामवर (उजेडाच्या आलेखावर) सगळं ठीक दिसतं आणि प्रत्यक्षात लाल चॅनल फुटलेला असतो, म्हणून आरजीबी (लाल-हिरवा-निळा वेगळा दाखवणारा) हिस्टोग्राम लावून ठेवा आणि लाल बाजू उजवीकडे आपटत असेल तर फोटो अजून थोडा गडद काढा.

मोबाईलवर: उजळ भागावर बोट दाबून धरा, लॉक झालं की बोट खाली ओढा, म्हणजे फोटो थोडा गडद होईल. पोर्ट्रेट मोड बंद. नाईट मोड हलणाऱ्या माणसांचं भूत करतो, तोही बंद.

फिल्मवाल्यांसाठी एक आगाऊ सल्ला, एचपी५ नाहीतर ट्राय-एक्स (दोन्ही ब्लॅक अँड व्हाइट फिल्म) घ्या आणि १६०० ला पुश करा (१६०० आयएसओ समजून काढा, डेव्हलपिंग वाढवा), रात्र निभावते. दिवसा मजा करायची असेल तर इल्फर्डची ऑर्थो प्लस बघा, तिला लाल रंग दिसतच नाही त्यामुळे गुलाल माखलेला माणूस कोळशाच्या खाणीतून आल्यासारखा येतो. दिवसा ८० आयएसओची आहे पण, ऊन लागेल.

पायरी ४: काय शोधायचं

नवीन माणूस रिकाम्या रस्त्याचा वाइड फोटो काढतो, कचरा पडलाय, लांबवर कोणीतरी चाललंय. असा एक फोटो काढून घ्या, हौस भागवा, आणि मग जवळ जा.

चपला. अलका चौक आणि बेलबाग चौक, सकाळी गेलात की सगळ्यात आधी हेच दिसतं. गर्दीत पायातून निघालेली चप्पल वाकून उचलणं शक्यच नसतं, वाकलात तर तुम्हीच गेलात, त्यामुळे लोक अनवाणी घरी जातात आणि चपला राहतात. सफाईवाले त्या आधी कडेला लोटून ढीग करतात आणि मग ते ढीग गाडीत जातात. ढिगाचा फोटो सगळे काढतात. मला त्यापेक्षा ढीग व्हायच्या आधीची स्टेज आवडते, जेव्हा त्या रस्त्यावर विखुरलेल्या असतात, एखादी लहान मुलाची लाईटवाली सँडल, एखादी नवी कोरी कोल्हापुरी जिचा तळ अजून पांढरा आहे, एखादी अंगठा तुटून आधीच सुतळीने बांधलेली. गुडघ्यावर बसा, कॅमेरा रस्त्याला टेकवा, उन्हाच्या दिशेने तोंड करा. लांब सावल्या पडलेल्या असतात आणि मागून कोणीतरी आपली चप्पल मिळतेय का ते शोधत येतंच, एका पायात चप्पल घालून, मग त्या माणसाची वाट बघायची.

झाडू. प्रत्येक रस्त्यावर शेवटचं मंडळ पुढे गेलं की महापालिकेचे लोक लगेच मागे लागतात. हातात खराटा, बायका पदर खोचून नाकाला रुमाल बांधतात. तुम्ही सूर्याकडे तोंड करून उभे राहा, झाडणारी व्यक्ती तुमच्या आणि सूर्याच्या मधे, म्हणजे उडालेली धूळ मागून पेटते. हा फोटो सोपा आहे आणि छान येतो म्हणूनच सगळ्यांचा सारखा येतो. तो झाला की बाजूला सरका आणि हात बघा. खराट्याची दांडी कुठे धरलीये, बांगड्यांवर गुलाल कसा बसलाय, टोपलीत निर्माल्य, फुटलेली पिपाणी आणि प्लेटा एकत्र कशा पडल्यात. आणि सगळे मिळून चहाला बसतात तेव्हा तिथे असा. सकाळी लवकर आरोग्य कोठीवर हजेरी लावून आलेले असतात ते लोक, तुमच्या आधीपासून रस्त्यावर.

या विषयावर काम कसं करतात ते बघायचं असेल तर सुधारक ओलवे यांचे मुंबईच्या सफाई कामगारांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो शोधून बघा. २०१६ ला पद्मश्री मिळाली त्यांना. एका सकाळी जाऊन खराट्यासोबत सूर्य पकडणं आणि त्या माणसांच्या मागे वर्षानुवर्षं जाणं यातला फरक लगेच कळतो.

पथक. वाजवून झालेलं पथक हे वाजवणाऱ्या पथकापेक्षा जास्त इंटरेस्टिंग असतं. टेम्पोत ढोल चढवताना एकावर एक गोल रचत जातात, तिथे नुसते आकारच आकार आहेत. फुटलेलं पान असलेला ढोल बाजूला काढलेला असतो. आणि हात बघा हात, बोटांना गुंडाळलेली पांढरी चिकटपट्टी, तिची टोकं सुटून लोंबतायत, खाली कुठे कुठे रक्त लागून वाळलंय, त्याच हाताने वडापाव धरलेला. ब्लॅक अँड व्हाइटमधे चिकटपट्टी भक्क पांढरी येते आणि बाकी हात गडद, एवढ्यावर फोटो होतो, तोंड दाखवायची पण गरज नाही.

पोलीस. खुर्चीत बसल्या बसल्या झोप लागलेली, टोपी मांडीवर, बूट काढून बाजूला ठेवलेले. माझं स्पष्ट मत आहे की बूट आणि टोपीचा फोटो काढा, चेहऱ्याचा नको. तीस तास ड्युटी करून डोळा लागला म्हणून तो माणूस उद्या व्हॉट्सअपवर फिरायला नको.

मांडव. गणपती गेला की मांडव अचानक किती छोटा दिसतो. मागचा पडदा काढलेला, प्लायवूडचा महाल उलट्या बाजूने बघितला की नुसते खिळे आणि पेन्सिलीचे आकडे, आरशाच्या तुकड्यांत समोरची बिल्डिंग. वासे काढणारी पोरं वरती बसून काथ्याच्या गाठी सोडत असतात, खालून आकाशाकडे कॅमेरा धरला की बांबूची जाळी आणि त्यात माणूस, सिल्हूट (नुसती काळी आकृती). लाईटच्या माळा गुंडाळणारा इलेक्ट्रिशियन, रनिंग मांडवाच्या (रस्त्याकडेच्या जाहिरातींच्या) कमानी उतरवून फुटपाथवर आडव्या टाकलेल्या, त्यावर अर्धा आमदार हसतोय. हे सगळं दोन-चार दिवस चालतं आणि तिथले लोक गप्पा मारायला मोकळे असतात.

घाटावर नटेश्वर, पांचाळेश्वर बाजूचे हौद, निर्माल्य कलश, तिथे वेगळं करत बसलेले लोक, फुलं इकडे, प्लास्टिक तिकडे. उजेड कमी आणि चिखल जास्त, पण हारांचे ढीग ब्लॅक अँड व्हाइटमधे फार सुंदर टेक्श्चर देतात. पाय घसरतो, सांभाळून.

गिरगाव चौपाटीला गणित वेगळं आहे. तिथे लालबागचा राजा समुद्रात जाईपर्यंतच सकाळ उजाडलेली असते आणि गर्दी तशीच असते. त्यात भरती-ओहोटी बघून जावं लागतं, ओहोटीला वाळूवर काय काय उघडं पडतं. सूर्य मागून, शहराच्या बाजूने येतो त्यामुळे सकाळी समुद्राकडे तोंड केलंत तर ऊन सरळ माणसांवर पडतं, फ्लॅट येतं. सिल्हूट हवं असेल तर पाण्याच्या कडेला जाऊन शहराकडे तोंड करा. ओल्या वाळूतल्या पावलांचे फोटो मात्र काढू नका प्लीज, खूप झाले.

पायरी ५: माणसांशी बोला

"स्ट्रीट फोटोग्राफीत विचारायचं नसतं" असं यूट्यूबवर सांगतात. सांगू दे. इथे जो माणूस समोर आहे तो रात्रभर जागलेला आहे नाहीतर कामावर आहे, त्याच्या तोंडासमोर न बोलता कॅमेरा नेलात तर शिव्या खाल आणि योग्य खाल. मी आधी एक-दोन फोटो लांबून काढतो, मग जातो, "मावशी, एक फोटो काढू का काम करताना?" एवढंच. बहुतेक वेळा मावशी म्हणतात "कशाला रे बाबा, पेपरात येणारे का?" आणि मग परत झाडायला लागतात, तेव्हाच खरा फोटो असतो, विचारल्यानंतर त्या विसरून जातात त्या वेळचा. नाही म्हणाल्या तर नाही. मुकादम जवळ असेल तर त्याच्याशी आधी बोला, "दादा, मी पेपरवाला नाही, हौस म्हणून काढतोय", नाहीतर त्याला वाटतं कचरा उचलला नाही म्हणून तक्रारीला फोटो चाललेत.

मंडळाची पोरं उलट पोज द्यायलाच येतात, सगळे एका रांगेत, बोटांनी व्ही. तो फोटो मनापासून काढा, त्यांना दाखवा, नंबर घेऊन पाठवा. त्यानंतर ते तुम्हाला विसरतात आणि तिथून पुढे काम सुरू होतं.

झोपलेल्या बायका-मुली, लहान मुलं एकटी असताना, प्यायलेली माणसं, रडणारं कोणी, हे सोडून द्या. कायदा काय म्हणतो हा प्रश्न नंतरचा.

कायद्याचं एक मात्र ऐका. विसर्जनानंतर अर्धवट विरघळलेल्या, भंगलेल्या मूर्तींचे फोटो काढणं आणि पसरवणं यावर पोलिसांचे मनाई आदेश निघतात, मुंबईत निघालेले आहेत. आपल्या शहरात त्या वर्षी काय आदेश आहे ते आधी वाचून जा. आदेश नसला तरी मी स्वतः ते फोटो काढत नाही, नदीच्या प्रदूषणावर बोलायचं असेल तर त्याला दुसरे फोटो आहेत, हौदाजवळचे, निर्माल्याचे, ट्रकचे. इथे माझ्याशी भांडणारे मित्र आहेत, त्यांचं म्हणणं दाखवल्याशिवाय लोकांना कळत नाही. असेलही.

पायरी ६: गुलालाचं काय करायचं

आला मेन भाग.

गुलाल गुलाबी-लाल असतो म्हणजे तो लाल उजेड भरपूर परत पाठवतो, निळा थोडा, आणि हिरवा जवळजवळ सगळा गिळतो. त्यामुळे फोटो ब्लॅक अँड व्हाइट करताना लाल चॅनलवर भर दिलात तर गुलाल उजळतो आणि हिरव्यावर भर दिलात तर गडद होतो. बास, एवढंच भौतिकशास्त्र.

स्नॅपसीड हे मोबाईलवरचं एडिटिंग अॅप फुकट आहे, त्यात ब्लॅक अँड व्हाइट टूल उघडा, खाली रंगीत गोळ्यांसारखे फिल्टर आहेत. एकच फोटो घ्या, गुलाल माखलेल्या माणसाचा. आधी लाल दाबा. गुलाल पांढुरका होईल, चेहरा पण उजळेल, माणूस गिरणीत काम करून आल्यासारखा. मग हिरवा दाबा. गुलाल काळपट, चेहऱ्यावरचे सगळे डाग, सुरकुत्या, घामाच्या रेषा बाहेर येतील. हे दोन फोटो शेजारी ठेवून बघा, माणूस तोच, क्षण तोच, आणि एकात सण संपल्याचं हलकंपण आहे, दुसऱ्यात थकवा. कुठला खरा? दोन्ही. पण एका सिरीजमधे एकच पद्धत ठेवा, एका फोटोत गुलाल पांढरा आणि पुढच्यात काळा असं केलंत की बघणाऱ्याला कळतच नाही तो काय बघतोय.

लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमधे अजून बारीक काम होतं. ब्लॅक अँड व्हाइट केलं की खाली मिक्सचे स्लायडर येतात, लाल, केशरी, पिवळा, हिरवा वगैरे. आपली त्वचा मुख्यतः केशरीत असते, थोडी लालमधे. गुलाल मजेंटा आणि लालमधे. म्हणून मजेंटा खाली ओढा, केशरी तसंच ठेवा किंवा किंचित वर, म्हणजे चेहरा राहतो आणि गुलाल त्यावर गडद बसतो. लालला मात्र हळू हात लावा, ओठ आणि कान पण तिथेच असतात, जास्त ओढलंत की माणसाचे ओठ काळे. सगळेच स्लायडर टोकाला नेले की आकाशात ग्रेनचे ठिपके आणि कडांना पांढऱ्या रेषा यायला लागतात, तिथे थांबा आणि थोडं मागे या. झेंडू केशरी-पिवळ्यात सापडतो, भंडारा पिवळ्यात, सफाईवाल्यांची जॅकिटं केशरीत. जॅकेट खूप उजळ येत असेल आणि केशरी खाली ओढलं तर चेहरापण खाली जातो, त्यामुळे तिथे मास्क करून (तेवढाच भाग निवडून) फक्त जॅकेट गडद करा.

रात्रीचे जे फोटो एकाच रंगाच्या लाईटखाली काढलेत, समजा पूर्ण लाल एलईडी किंवा जुना पिवळा सोडियम दिवा, त्यांच्यावर हे स्लायडर फारसं काही करत नाहीत, कारण फाईलमधे दुसरा रंगच नसतो. तिथे फक्त कॉन्ट्रास्ट आणि उजेड-सावलीवर काम करा.

बाकी मग कर्व्ह (उजेड-सावली बदलायची रेघ) थोडा एस आकाराचा, काळं खरंच काळं असू दे, पण सगळ्या सावल्या चेपून टाकू नका, ढिगातल्या चपला ओळखू आल्या पाहिजेत. क्लॅरिटीचा (बारीक कॉन्ट्रास्ट वाढवणारा) स्लायडर हा व्यसन लागल्यासारखा ओढला जातो, +१५ च्या वर गेलात तर स्वतःला विचारा का. चेहरा थोडा उजळ, कोपरे थोडे गडद, ब्रशने, हळू. व्हिनेट (ते गडद कोपरे) दिसता कामा नये.

आणि हात जोडून विनंती, सगळा फोटो ब्लॅक अँड व्हाइट आणि फक्त गुलाल लाल, हे करू नका. कुठल्यातरी काकांच्या ग्रुपवर त्याला शंभर लाईक येतील. तरी नको.

पायरी ७: निवड

घरी येऊन लगेच निवडायला बसू नका, झोपा. बॅकअप मात्र झोपायच्या आधी घ्या, कार्डवरून लॅपटॉप आणि एक बाहेरची हार्डडिस्क. मग चार-पाच दिवसांनी बघा, तोवर कुठला फोटो काढायला किती त्रास झाला ते विसरलेलं असतं आणि फोटो नुसता फोटो म्हणून दिसतो.

पहिल्या वर्षी दहा फोटोंच्या वर जाऊ नका. त्यात एकच रिकामा रस्ता, एकच चपलांचा, बाकी माणसं आणि हात. एकापुढे एक लावताना वेळेच्या क्रमाने लावलंच पाहिजे असं नाही, मी बऱ्याचदा मांडव उतरवतानाचा फोटो मधेच टाकतो, झोपलेल्या पोरांच्या शेजारी, कारण दोन्हीत बांबू आहेत. इन्स्टाला उभ्या ४:५ क्रॉपमधे कडा कापल्या जातात, त्यामुळे ज्या फोटोत महत्त्वाचं काहीतरी कडेला आहे तो आडवाच टाका, लहान दिसला तर दिसू दे.

प्रिंट काढणार असाल तर मॅट कागद घ्या आणि लॅबवाल्याला आधी सांगा की ऑटो करेक्शन बंद ठेव, नाहीतर ब्लॅक अँड व्हाइटला हिरवट किंवा जांभळट झाक येते. पहिला एक छोटा टेस्ट प्रिंट काढून उन्हात बघा, ट्यूबलाईटखाली नाही. मंडळाच्या पोरांना ४ बाय ६ चे प्रिंट नेऊन दिलेत तर पुढच्या वर्षी रात्री ट्रॉलीवर चढायला जागा मिळते, आणि वरून दिसणारा लक्ष्मी रोड खालच्यापेक्षा फारच वेगळा असतो.